कन्हाराच्या बांधीत धान खैरं पडलं, झिंक टाकूनही उठेना

बांधीवरचा (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी. लाखांदूर तालुक्यातून लिहितो आहे. उन्हाळी धान आहे, रोवणी होऊन पंचवीस दिवस झाले.

माझ्या तीन बांध्या (बांध घातलेले धानाचे तुकडे) एकाखाली एक आहेत. वरच्या दोन मोरंड (मध्यम माती), तिसरी कन्हार (भारी काळी चिकणमाती), बोअरला लागून, अर्ध्या एकराची. वरच्या दोन्ही हिरव्यागार आहेत. तिसरीत ठिगळं पडली. काही जागी धान बरं, मधेच खाटेएवढ्या जागेत बसून गेलेलं. पाणी भरलं की तिथली पानं पाण्यावर आडवी होतात.

काल सकाळी एक बूड उपटलं आणि धुऱ्यावर (बांधावर) घेऊन बसलो. वरचं कोवळं पान मधल्या शिरेजवळ, बुडाकडून पांढुरकं पिवळं झालेलं. त्याच्या खालच्या पानांवर बारीक ठिपके, ओल्या बोटानं काथ पुसावा तसे. सगळ्यात जुन्या पानावर ते ठिपके एकमेकांत मिसळून पान पूर्ण तांबूस झालं होतं. फुटवे तीन. वरच्या बांधीतलं बूड मोजलं तर अकरा. मुळं आखूड, पांढरं मूळ एखाददुसरंच.

तालुक्याच्या एका दुकानात पान दाखवलं. करपा आहे म्हणाले, औषध दिलं. दोनदा मारलं, काही फरक नाही. मग दुसऱ्याकडं गेलो, त्यांनी झिंक सल्फेटची दहा किलोची बॅग दिली. ती डीएपी या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खतासोबत घमेल्यात कालवून फेकली. त्यालाही आता नऊ दिवस झाले.

मातीचं कार्ड शोधून काढलं. तिसऱ्या बांधीचा सामू (पीएच) ८.८, ईसी (विद्राव्य क्षारांचं माप) ०.५, सेंद्रिय कर्ब ०.३८, झिंक ०.४ पीपीएम. वरच्या बांधीचा सामू ७.२, झिंक ०.९. माती एकाच गावची, बियाणं तेच, पऱ्हे (रोपं) तेच, मग ह्याच बांधीत काहून? आणि झिंक टाकूनही धान का उठत नाही? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा जी. ह्या बांधीवर घरचं वर्षभराचं खाणं अवलंबून आहे.

पवनीकर

भाऊ, आमच्याकडंही दोन बांध्या अशाच आहेत, त्याही बोअरच्याच. नहराच्या पाण्यावरच्या नाहीत. हे लक्षात ठेवा, कामाचं असेल.

मातीपेटी

बांधीवरचा भाऊ, तुम्ही पानाचं वर्णन इतकं नेमकं केलं आहे की फोटोची गरज नाही. हा खैरा आहे. करपा नाही. करप्याचा ठिपका डोळ्याच्या आकाराचा असतो, मधे राखाडी, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो अशी ठिगळं धरून, कोवळ्या पानाचं बूड पांढरं करून येत नाही.

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. दुकानदाराची चूक झाली हे खरं, पण ही चूक जुनी आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत धान असंच तांबूस पडायचं तेव्हा तिथंही आधी सगळे रोगजंतू शोधत होते. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ साली दाखवून दिलं की हा रोग जंतूचा नाही, जस्ताच्या म्हणजे झिंकच्या कमतरतेचा आहे. नेने स्वतः वनस्पतींच्या रोगांचे अभ्यासक होते. रोगाच्या माणसानंच हा रोग नव्हे असं सिद्ध केलं, याचं मला फार मोल वाटतं.

आता तुमच्या कार्डाकडं वळू. झिंक ०.६ पीपीएमच्या खाली गेलं की आपण जमीन कमतरतेची धरतो. तुमचं ०.४ आहे. पण खरा आकडा सामूचा आहे. सामू एकानं वाढला की पाण्यात विरघळलेलं जस्त शंभर पटीनं घटतं. तुमच्या वरच्या आणि खालच्या बांधीत दीडाहून जास्त फरक आहे. म्हणजे खालच्या बांधीत धानाच्या मुळाशी जस्त पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. तुम्ही दहा किलो टाकलं ते गेलं कुठं? काही चिकणमातीला आणि चुनखडीच्या खड्यांना चिकटलं, काही कार्बोनेट होऊन बसलं, आणि बरंचसं तुमच्या घमेल्यातच डीएपीनं धरलं. जस्त आणि स्फुरद एकत्र ओले झाले की जस्त बांधलं जातं.

ईसी ०.५ आणि सामू ८.८ हे एकत्र दिसतं तेव्हा जमीन खारवट नाही, चोपण आहे असा माझा अंदाज. लोक दोन्हीला एकच समजतात आणि तिथून सगळं चुकतं. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार असतात, पांढरे फुलून येतात, चांगल्या पाण्यानं धुतले की जातात. चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीच्या कणाला धरून बसलेला असतो. वाळली की दगड, भिजली की लोणी. पाणी आत शिरत नाही, मुळाला हवा मिळत नाही. नुसत्या पाण्यानं ती धुतली जात नाही, कारण सोडियमला हुसकावायला त्याच्या जागी कॅल्शियम यावा लागतो. नक्की करायचं तर विनिमययोग्य (कणाला धरून बसलेला) सोडियम तपासून घ्या. तो पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर शंकाच नको.

धानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. साध्या चुनखडीच्या जमिनीत पाणी भरून ठेवलं की दोन-तीन आठवड्यांत सामू आपोआप सातच्या आसपास येतो, कारण जमिनीतला काडीकचरा कुजून कर्बवायू सुटतो. तुमच्या बांधीत कर्बच ०.३८ आहे. कुजायला काही नाही, म्हणून सामू उतरत नाही. त्यात बोअरच्या पाण्यातून बायकार्बोनेट येत असेल तर तो मुळांची वाढही रोखतो आणि जस्ताची उचलही. पवनीकरांनी बोअरचं म्हटलं ते अगदी बरोबर. पाणी तपासा, आरएससी (पाण्यातल्या जादा कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) मागून घ्या. अडीचच्या वर असेल तर ते पाणी जमिनीला चालणारं नाही. उन्हाळी धानाला थंडीही आड येते. गार मातीत मुळं जस्त कमी उचलतात.

या हंगामात काय करायचं? जमिनीत आणखी झिंक फेकू नका. पानावर द्या. पंधरा लिटरच्या पंपाला पाऊणशे ग्रॅम झिंक सल्फेट, २१ टक्केवालं, आणि त्याच्या निम्मा म्हणजे छत्तीस-सदतीस ग्रॅम विझवलेला चुना. चुना वेगळ्या भांड्यात कालवा, फडक्यातून गाळून निवळी घ्या आणि मग मिसळा. झिंक सल्फेटचं पाणी आंबट असतं, चुन्याशिवाय मारलं तर पानं भाजतात. चुना नको असेल तर पंपाला तीनशे ग्रॅम युरिया घाला, तेही चालतं आणि तुमच्या पिवळ्या धानाला नत्रही मिळेल. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर मारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. दोन फवारण्यांच्या मधे बांधीतलं पाणी एकदा दोन-तीन दिवस काढून टाका, पण भेगा पडू देऊ नका. चोपण माती एकदा वाळली तर मुळं तोडते.

फवारणीनं हे धान वाचेल, जमीन मात्र तशीच राहील. तिच्याविषयी नंतर लिहितो, हात दुखून आला.

धुरकरी

माझं मत वेगळं आहे. आमच्या बाबांनी जन्मात झिंक टाकलं नाही. शेणखताच्या बंड्या टाकायचे, धान छातीएवढं व्हायचं. आता आधी खत टाकून जमीन बिघडवायची आणि मग पुन्हा दुसरं खत टाकून सुधरवायची. शेणखत घाला, दोन वर्षांत सगळं जागेवर येईल.

मातीपेटी

धुरकरी भाऊ, तुमच्या बाबांचं चुकत नव्हतं. शेणखतातून जस्त येतं, आणि त्यातली सेंद्रिय आम्लं जस्ताला धरून मुळापर्यंत नेतात. चोपण जमिनीला त्याची फार गरज आहे. पण बाबांच्या काळी त्या बांधीत पावसाचं आणि बोडीचं (लहान तळ्याचं) पाणी यायचं, वर्षाला एकच धान निघायचं, ते उंच देशी धान एकरी थोडंच द्यायचं, तेवढंच जस्त उचलायचं. आज त्याच बांधीत दोन पिकं निघतात, दोन्ही भरघोस, आणि चार महिने बोअर चालतो. बंड्या भरायला जनावरंही तेवढी उरली नाहीत. एकट्या शेणखतानं चिकणमातीतला सोडियम निघत नाही, आणि वरून सोडियमचं पाणी येतच राहिलं तर मुळीच नाही. शेणखत हवंच. सोबत कॅल्शियम देणारं जिप्समही हवं आणि पाण्याची सोयही.

धुरकरी

जनावरं उरली नाहीत हे मात्र खरं बोललात. आमच्याकडं आठ होती, आता एक गाय.

पूर्णाकाठ

मी दर्यापूर भागातली. आमच्याकडं धान नाही, कपाशी, तूर, हरभरा. पण चोपण म्हणजे काय हे आमच्या खारपाणपट्ट्याला विचारावं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णेच्या खोऱ्यात लोक पिढ्यान् पिढ्या ह्याच मातीशी झगडत आले आहेत. वर काळीभोर दिसते, पाहुणा म्हणतो काय जमीन आहे! पाऊस पडला की चार दिवस आत पाय ठेवता येत नाही.

माझी चूक सांगते, तुम्ही करू नका. आम्ही जिप्समच्या दोन ट्रॉल्या आणून पसरल्या, वखरानं मिसळल्या आणि वाट पाहिली. त्या वर्षी काही झालं नाही. मिस्टर म्हणाले पैसे पाण्यात गेले. खरं तर पाणीच गेलं नव्हतं. जिप्समनं सोडियम मोकळा केला, पण त्याला बाहेर जायला वाटच नव्हती, तो तिथंच राहिला. पुढच्या वर्षी शेताच्या उताराला चर खोदून नाल्याला जोडला. मग फरक पडला. आधी चर, मग जिप्सम.

आणि तपासणीला पैसे घालण्याआधी घरी एक गोष्ट करून पाहा. काचेच्या ग्लासात पावसाचं नाहीतर आरओचं पाणी घ्या, बोअरचं नको. वाळलेल्या मातीचा बोराएवढा खडा त्यात अलगद सोडा. हलवू नका. चांगल्या मातीचा खडा फुटून खाली बसतो आणि पाणी नितळ राहतं. चोपण मातीच्या खड्याभोवती दुधासारखं वलय सुटतं आणि तासाभरात पाणी गढूळ होतं. दुसऱ्या दिवशीही ते खाली बसत नाही. मग त्यात चिमूटभर जिप्सम घालून ढवळा. थोड्या वेळानं गाळ खाली बसून वर पाणी नितळलेलं दिसतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ग्लास घेऊन घरभर सगळ्यांना दाखवत फिरले. जिप्सम मातीत जाऊन काय करतं हे मला तेव्हा कळलं.

बांधीवरचा

ताई, लगेच करून पाहिलं. दोन ग्लास, दोन बांध्यांचे दोन खडे. वरच्या बांधीचा चुरा होऊन खाली बसला. खालच्या बांधीच्या खड्याला पाच मिनिटांत पांढुरकं वलय आलं, आणि आता रात्री नऊ वाजता ग्लास चहासारखा आहे. घरच्यांनी पण पाहिलं. मुलगी म्हणाली, बाबा, माती विरघळून राहिली.

पवनीकर

मातीपेटी काका, झिंक सल्फेटच नकली असलं तर? आमच्या गावात एकानं घेतलेलं पाण्यात टाकलं तर नुसतं मिठासारखं दिसत होतं.

मातीपेटी

रास्त शंका आहे. झिंक सल्फेटमधे मॅग्नेशियम सल्फेट मिसळतात, कारण दिसायला दोन्ही सारखेच खडे. ओळखायला सोपं आहे. एका कपात चमचाभर डीएपी पाण्यात विरघळवा आणि वरचं नितळ पाणी घ्या. दुसऱ्या कपात झिंक सल्फेटचं पाणी करा. दोन्ही एकत्र ओता. झिंक खरं असेल तर दही विरजल्यासारखे घट्ट पांढरे गठ्ठे होतात. मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तसे होत नाहीत.

बांधीवरचा भाऊ, हा प्रयोग तुम्ही आवर्जून करा. कपात जे दही दिसेल तेच तुमच्या घमेल्यात झालं होतं. म्हणून झिंक कधीही डीएपी किंवा सुपर फॉस्फेटसोबत कालवायचं नाही. शेवटच्या चिखलणीत कोरड्या मातीत मिसळून एकटं फेकायचं. स्फुरद वेगळ्या वेळी, आणि कार्डावर स्फुरद भरपूर असेल तर त्या वर्षी हात आखडता घ्या.

बॅगवरचा आकडाही वाचा. २१ टक्केवालं एकरी दहा किलो लागतं, ३३ टक्केवालं सहा-साडेसहा किलोत तेवढंच जस्त देतं. किलोच्या भावाची तुलना करून लोक फसतात, जस्ताच्या भावाची करा.

आशाताई आरमोरी

मी शेतीतली जाणकार नाही, आशा म्हणून काम करते. पण झिंक म्हटलं की थांबले. जुलाब झालेल्या लेकराला आम्ही ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या देतो, चौदा दिवस. सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले की आया गोळ्या बंद करतात, मग मी पुन्हा जाऊन सांगते की पूर्ण द्या. आमच्याकडं दोन्ही वेळ भातच. लेकरं भातावरच वाढतात. तर माझा प्रश्न असा की शेतात झिंक कमी असेल तर तांदळातही कमी येतं का? आणि शेतात टाकलेलं झिंक लेकराच्या ताटापर्यंत येतं का?

प्रयोगवाली

ताई, ह्या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. मी कृषीची विद्यार्थिनी आहे, माहीत आहे तेवढं सांगते.

हो, जस्ताची टंचाई असलेल्या जमिनीतल्या धानात दाण्यातही जस्त कमी भरतं. पण जमिनीत झिंक सल्फेट टाकलं की मुख्यतः उत्पन्न वाढतं, दाण्यातलं जस्त थोडंच वाढतं. दाण्यात भरायचं असेल तर फवारणीची वेळ पुढं न्यावी लागते. लोंबी बाहेर पडताना एक आणि दाण्यात दूध भरताना एक. तेव्हा पानावर पडलेलं जस्त दाण्याकडं जातं. खैऱ्यासाठीची फवारणी फुटव्याच्या वेळची, ती झाड वाचवते. ही दुसरी दाण्यासाठी.

मग गिरणीत काही जातं. कोंड्याच्या थरात जस्त जास्त असतं, तांदूळ जितका पांढरा घासाल तितकं ते कोंड्याबरोबर जातं. कोंड्यातल्या फायटेटमुळं शरीराला जस्त कमी मिळतं हेही खरं, पण म्हणून आरशासारखा पॉलिश तांदूळ बरा असं नाही. आणि भातासोबत काय आहे हे बघायचं. वरण, मासोळी, अंडं, तीळ, शेंगदाणे असलं तर जस्ताची भर पडते. नुसता भात आणि पाणीदार रस्सा असेल तर तो पुरत नाही.

वाणांचंही काम झालं आहे. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेनं डीआरआर धान ४५ हा जस्तयुक्त वाण काढला, घासलेल्या तांदळात २२.६ पीपीएम. नेहमीच्या वाणांत १२ ते १६ असतं. पण वाण मातीतूनच जस्त उचलतो. बांधीवरच्या दादांच्या तिसऱ्या बांधीत तो लावून मातीकडं दुर्लक्ष केलं तर तो आकडा मिळणार नाही.

चोपण जमिनीत तग धरणारे वाण वेगळे. ते कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे: सीएसआर १०, सीएसआर ३६, सीएसआर ४३ वगैरे. पण आपल्याकडं माणूस तांदूळ बघतो बारीक. दादाजी खोब्रागडे यांनी नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी पटेल ३ मधून निवडून काढलेलं एचएमटी एवढं पसरलं ते उगाच नाही. जाड दाण्याचा वाण आणला तर घरी खपेल का आणि बाजारात उचलतील का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. एका बांधीपुरता खायला लावून पाहायला हरकत नाही.

आशाताई आरमोरी

समजलं. कोंडा जास्त काढू नका हे मी बायकांच्या बैठकीत सांगेन. मासोळीचंही. आमच्याकडं बोडीची मासोळी मिळते, पण विकून टाकतात.

मातीपेटी

जमिनीचं लिहितो म्हटलं होतं, ते आता.

कर्नालची संस्था १९६९ पासून ह्याच कामात आहे. तिकडं हरियाणा-उत्तर प्रदेशात सामू दहाच्याही वर असलेल्या, गवत न उगवणाऱ्या जमिनी होत्या. तिथं हेक्टरी दहा ते पंधरा टन जिप्सम टाकून सुरुवात केली, आणि पहिलं पीक कोणतं घेतलं? धान. उभ्या पाण्यात धान चालतं, पाणी वरून दाब देत खाली झिरपतं, सोडियम घेऊन जातं, आणि धानाच्या मुळांतून सुटणारा कर्बवायू चुनखडी विरघळवून आणखी कॅल्शियम मोकळा करतो. धान त्या जमिनीचं औषधही आहे. म्हणून बांधीवरचा भाऊंची बांधी पडीक टाकायचं काही कारण नाही.

तुमची जमीन तेवढी बिघडलेली नाही. जिप्समची मागणी प्रयोगशाळेतून काढून घ्या, अंदाजे टाकू नका. वरच्या पंधरा सेंटिमीटरसाठीच्या मागणीच्या निम्म्यापासून धानाला सुरुवात करता येते. खोल नांगरू नका, वरच्या चार बोटांत मिसळा. पूर्णाकाठच्या ताईंनी म्हटलं तसं आधी पाण्याला वाट करा.

मग धैंचा, हिरवळीच्या खताचं पीक. चाळीस-पंचेचाळीस दिवसांचा, फुलावर येण्याआधी गाडायचा. तो चोपण मातीतही उगवतो, उभ्या पाण्यातही जगतो. कुजताना कर्बवायू आणि आम्लं सोडतो, सामू उतरवतो आणि जस्त मोकळं करतो. तुमच्या ०.३८ कर्बाला दुसरं एवढं स्वस्त औषध नाही.

ह्या दोन गोष्टी झाल्या की मग जमिनीतून झिंक द्या, एकरी दहा किलो, चिखलणीत. आधी दिलं तर पुन्हा घमेल्याचीच गत. आणि दरवर्षी देऊ नका. एकदा दिलेलं दोन-तीन पिकांना पुरतं, पुढचं माती तपासूनच.

पऱ्हे चोपण बांधीसाठी जरा जून घ्या, तीस-पस्तीस दिवसांचे, आणि एका जागी तीन-चार काड्या लावा. कोवळे पऱ्हे अशा मातीत मरतात. नत्र नेहमीपेक्षा पावपट जास्त लागतं, कारण ह्या सामूला युरियाचा अमोनिया होऊन हवेत उडतो. म्हणून युरिया एकदम फेकू नका, तीन हप्ते करा. पऱ्ह्यांची मुळं झिंक ऑक्साइडच्या दोन टक्के पाण्यात, म्हणजे लिटरला वीस ग्रॅम, बुडवून लावली तरी सुरुवातीचा ताण जातो. झिंक ऑक्साइड विरघळत नाही, म्हणून मुळं भाजत नाहीत. पण ते तळाशी बसतं, ढवळत राहावं लागतं.

बांधीवरचा

अकरा दिवसांनी लिहितो आहे. पहिली फवारणी युरियासोबत केली, दुसरी चुन्यासोबत. दह्याचा प्रयोगही केला, माझं झिंक खरं निघालं. घमेल्यातच वाया घालवलं ह्याचं वाईट वाटलं.

जुनी तांबूस पानं तशीच आहेत, ती काही हिरवी झाली नाहीत. पण नवीन पान बुडापासून हिरवं आलं आहे. आज मोजलं, तीनाचे सहा फुटवे. पांढरी मुळंही दिसली. धान आठ-दहा दिवस उशिरा येईल असं वाटतं. लोंबीच्या वेळची फवारणी तिन्ही बांध्यांत करणार आहे, खायचं धान आहे म्हणून.

बोअरचं पाणी तपासलं. आरएससी ३.१. आठ वर्षं हेच पाणी मी त्या बांधीला देत आलो.

पवनीकर

माझं २.८ आलं.

बांधीवरचा

खरिपाचं धान कापून झालं, म्हणून पुन्हा धागा वर काढतो. पुढं कोणाला उपयोग होईल.

उन्हाळी धान त्या बांधीत वरच्यापेक्षा कमीच झालं, पण घरापुरतं निघालं. मे अखेर खालच्या धुऱ्याला नाली काढून नाल्याला जोडली. विनिमययोग्य सोडियम १९ टक्के निघाला होता. अर्ध्या एकराला जिप्समची मागणी चौदा क्विंटल आली, निम्मं म्हणजे सात क्विंटल टाकलं, वरच्यावर मिसळलं. पहिल्या पावसावर धैंचा फेकला. बांधी भरू दिली, मग नालीनं सोडली, असं चारदा केलं. नालीतून येणारं पाणी पहिल्या वेळी काळपट तपकिरी होतं, चौथ्या वेळी बरंच नितळ.

धैंचा कमरेएवढा झाला तेव्हा गाडला. उपटून पाहिला तर मुळांवर मणी मणी गाठी, नखानं फोडली की आत गुलाबी. धुरकरी भाऊ, मला तुमच्या बाबांची आठवण झाली. आमच्याकडंही जनावरं नाहीत, पण हे खत बांधीतच तयार झालं. शेवटच्या चिखलणीत पाच किलो झिंक कोरड्या मातीत मिसळून एकटंच फेकलं.

धान बरं आलं. वरच्या बांधीत बारा फुटवे, खालच्या बांधीत आठ-नऊ. बोअरकडच्या कोपऱ्यात अजून एक ठिगळ खैरं पडलं होतं, तिथं पंपानं दोनदा मारलं. काल पुन्हा खडा ग्लासात टाकला. वलय येतं, पण उशिरा आणि पातळ. सामू ८.५ आला.

ह्या उन्हाळ्यात त्या बांधीला बोअरचं पाणी लावणार नाही. कापणीआधी उभ्या धानात लाखोरी (एक कडधान्य) फेकली होती, ती उगवली आहे. उन्हाळी धान फक्त वरच्या दोन बांध्यांत, तेही बोडीच्या पाण्यात बोअरचं मिसळून.

एक राहिलं. पऱ्ह्यांची मुळं बुडवायला झिंक ऑक्साइड कुठं मिळालं नाही. तालुक्याला विचारलं, ब्रह्मपुरीला विचारलं. कोणाकडं आहे का?

पवनीकर

माझ्याकडं अर्धा किलो उरलं आहे, नागपूरहून आणलेलं. मी बाजाराच्या दिवशी लाखांदूरला येतो, बसस्थानकाजवळ भेटा. आणि तुमच्या धैंच्याचं बी राखलं असेल तर दोन पायली घेऊन या.

बांधीवरचा

राखलं आहे. आणतो.